तळव्यावरची रेघ

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे घालत नाही. घातलं तर तुमच्याच नावाचे दुसरे चार भले डॉक्टर उगाच शिव्या खातील. तुम्हाला कळेल एवढ्या खुणा देतो. दुपारची वेळ. पोपटी रंगाची भिंत. टेबलावर चहाचे तीन पेले. आणि तपासायच्या बाकावर पाय खाली सोडून बसलेला मायाप्पा कोळेकर, हळदीच्या पेठेतला हमाल. तुम्ही त्याच्या गुडघ्याखाली हातोडी मारलीत, पाय उडाला, आणि तुमच्या पेल्यातला चहा कागदांवर सांडला. आठवलं? नसेल तर त्याच्या शेजारी उभा असलेला, खिशाला दोन पेनं लावलेला, विचारलं नसताना बोलणारा माणूस आठवा. तो मी. आनंदा ऐवळे.

शिव्या तुम्हाला द्यायला बसलोय, पण आधी माझ्या वाटणीच्या घेऊन मोकळा होतो. त्याशिवाय हात मोकळा होणार नाही.

"मास्तर, हान की," मायाप्पा म्हणाला. "मघाधरनं नुसता बघतोयस पायाकडं."

तपासणीच्या चार दिवस आधीची ही गोष्ट. गोदामात जेवणाची सुट्टी होती. मायाप्पा तीन पोत्यांच्या उंचीवर पाय सोडून बसला होता आणि मी खाली उकिडवा. माझ्या एका हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी मूठ पुढे करून धरलेला. दुसऱ्या हातात नववीचं विज्ञानाचं पुस्तक, रद्दीवाल्याकडून आणलेलं.

मास्तर हे माझं टोळीतलं नाव. कौतुकाचं नव्हे. मी सातवी पास आणि आठवी दोनदा नापास. बावीस जणांच्या टोळीत अर्ज लिहिता येणारा मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट मी एकवीस जणांना एक दिवसही विसरू दिली नाही. हळदीचं पोतं पाठीवर असतानासुद्धा खिशातली पेनं काढायचो नाही. वाकलो की ती गालाला टोचायची. टोचू दे, पण लोकांना दिसली पाहिजेत.

मायाप्पा माझा जोडीदार. हमालीत जोडीदार म्हणजे पोत्याची दोन टोकं. त्यानं दोन कान धरायचे, मी दोन धरायचे आणि तिसऱ्याच्या पाठीवर टाकायचं. नऊ वर्षं आम्ही असं केलं. तपासणीच्या चार महिने आधी थप्पीचा वरचा थर सरकला आणि एक पोतं थेट त्याच्या मानेच्या मुळाशी येऊन बसलं. पाय गेले. ओलं पोतं जसं लोळतं तसे पाय लोळायला लागले. तीन आठवड्यांनी पायांत हळूहळू जीव आला, तो उभा राहिला, चालायला लागला. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण त्याचं ते चालणं काही निराळंच होतं. पाय काठीसारखे ताठ, गुडघ्यात न वाकणारे, आणि पुढचा चवडा जमिनीला घासत. त्याच्या चपलांची पुढची टोकं महिन्याभरात झिजून गेली होती. टाचा मात्र नव्या.

ते चपलेचं टोक मी रोज बघत होतो. बघणं आणि दिसणं यांत फरक असतो, हे कळायला मला एकोणीस वर्षं लागली.

आता पुढचा प्रश्न असा होता. तुमच्या वैद्यकीय मंडळानं 'याला वजन उचलता येणार नाही' असं लिहून दिलं, तर पेठेत त्याला काट्यावर बसून वजनं सांगायचं काम मिळणार होतं. हमालीचा बिल्ला राहणार होता. 'काम करण्यास सक्षम' असं लिहिलं, तर पाठीवर पोतं घ्यायचं, नाहीतर बिल्ला परत करून जत तालुक्यातल्या आपल्या गावाकडे जायचं. मधला रस्ता नव्हता.

म्हणून मास्तर तयारीला लागले होते.

"ऐक," मी पुस्तक वर धरलं. "गुडघ्याखाली ठोका दिला की पाय आपोआप उडतो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात."

"काय म्हंत्यात?"

"प्रतिक्षिप्त. म्हणजे मेंदूला विचारतच नाहीत. पाठीच्या कण्यातनं दोरी जाते ना, मज्जारज्जू, तीच परस्पर हुकूम सोडते. आपल्याकडं कसं, गाडी आली की मुकादम परस्पर टोळी लावतो. सेठला विचारायला जातो का? तसं."

"मग त्यात माझं काय काम?"

"तुझं काहीच काम नाही. तीच तर गंमत आहे."

पुस्तकात या विषयाला सव्वा पान होतं. त्यात चटका बसल्यावर हात मागे घेणाऱ्या मुलाचं चित्र होतं. सव्वा पान मी तीनदा वाचलं आणि नंतर घाईघाईनं प्रजननाच्या धड्याकडे गेलो. म्हणजे मायाप्पाच्या मणक्याचा वकील किती अभ्यास करून उभा राहिला होता, याची कल्पना यावी.

मी आकड्याची मूठ त्याच्या गुडघ्याखालच्या खळगीत हाणली.

पाय उडाला, साहेब. असा उडाला की माझ्या हातातलं पुस्तक गेलं, आणि उडून थांबला नाही. खाली आला, परत गेला, परत आला. चार झोके घेऊन मग शांत झाला.

मी उठून उभा राहिलो. "मुद्दाम मारलीस?"

"आरं मी कशाला मारू? तूच म्हनलास माझं काम न्हाई म्हनून."

"एवढा कुठं उडतो का? माझ्यावर मार बघू."

मी शेजारी पाय सोडून बसलो आणि त्यानं आकड्याची मूठ माझ्या गुडघ्याखाली मारली. माझा पाय सभ्य माणसासारखा जरासा हलला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

इथे मी डोकं चालवलं. चालवायला नको होतं. मी हिशेब असा मांडला: ठोक्यानं पाय उडतो तो नस चांगली असली तर. नस बिघडली असेल तर पाय उडणार नाही. मायाप्पाचा पाय माझ्यापेक्षा चौपट उडतो, म्हणजे त्याची नस माझ्यापेक्षा चौपट चांगली. डॉक्टरनं हे बघितलं तर मायाप्पा गेला.

"पाय उडू द्यायचा नाही," मी म्हणालो.

"ते माझ्या हातात हाय व्हय?"

"धरून ठेवायचा. मनाचा निर्धार पाहिजे. असं कर, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव. हां. आता दात दाबून दोन्हीकडं ओढ. सगळा जोर वर हातात ने, म्हणजे खाली पायात जोर राहणारच नाही."

साहेब, हसा. तुम्ही हसायलाच पाहिजे.

त्यानं बोटं अडकवली, डोळे मिटले, दात चावले, मानेच्या शिरा फुगल्या. मी ठोका दिला. पाय पहिल्यापेक्षा उंच गेला आणि माझ्या हनुवटीला लागला.

"लागलं का रं?" मायाप्पानं डोळे उघडून विचारलं.

"जोर कमी पडतोय. अजून ओढ."

चार दिवस रोज दुपारी आम्ही हे केलं. जितका तो ओढायचा तितका पाय उडायचा. आणि जितका पाय उडायचा तितका माझा एक संशय वाढत जायचा, जो मी तोंडानं बोललो नाही. नऊ वर्षांच्या जोडीदारावर पहिला संशय मी घेतला. तुम्ही नंतर आलात.

तपासणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला होता. मुकादम तातोबा बरोबर आला नाही. म्हणाला, "मास्तर हाय की संगं." मायाप्पाच्या बायकोनं, हौसावहिनीनं, निघताना माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं. "भाऊजी, तुमी बोलतासा बरं. ह्येंला काय बोलता येत न्हाई."

तुमच्या दाराबाहेर चाळीस माणसं होती. आमचा नंबर जेवणाच्या वेळेला लागला. आत तुम्ही तिघे होतात, पण दोघे फाईलीत होते आणि तपासत तुम्ही होतात. पोटापेक्षा सदरा तंग, खिशाला चष्म्याचं घर.

"हे कोण?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

"मी टोळीचा प्रतिनिधी, साहेब. आनंदा ऐवळे. सदर इसमाचा मज्जारज्जू..."

"कुणाचा मज्जारज्जू काय ते आम्ही बघतो. तुम्ही जरा तिकडं उभं राहा."

मी तिकडं उभा राहिलो. मायाप्पा बाकावर बसला. बसताक्षणी त्यानं बोटं एकमेकांत अडकवली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं दात चावले आणि ओढायला सुरुवात केली, जणू आडातून भरलेली घागर वर घेतोय.

तुम्ही हातोडी मारलीत.

पाय कुठे गेला ते तुम्हाला माहीत आहे. टेबलाच्या कडेला लाथ बसली, पेला आडवा झाला, चहा मायाप्पाच्याच कागदांवर पसरला. फाईलीतले दोघे वर बघून हसले. बाहेरच्या शिपायानं आत डोकावलं.

"वा!" तुम्ही म्हणालात. "फुटबॉल खेळतोस काय रे?"

"न्हाई साहेब. पाय आपनच..."

"आपणच, आपणच. उडतोय की झकास!"

मी काय करत होतो सांगतो. मी चहा पुसत होतो. माझ्या धुतलेल्या रुमालानं, न सांगता, टेबलाची कड, कागद, तुमच्या पेनाचं टोपण. मला एवढी लाज वाटली होती की वाकून काहीतरी पुसत राहणं बरं वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही पँटच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढलीत आणि मायाप्पाच्या तळव्याशी काहीतरी केलंत. मला तुमची पाठ दिसली. किल्ल्यांच्या जुडग्याचा किणकिण आवाज ऐकू आला. मी पुसत राहिलो.

मग तुम्ही खुर्चीत बसलात, कोऱ्या कागदावर लिहिलंत, आणि वाचून दाखवलंत. 'पायातील शक्ती व संवेदना समाधानकारक. नसा शाबूत. वजन उचलण्याचे काम करण्यास सक्षम.'

मायाप्पा माझ्याकडे बघत होता. बोटं अजून अडकलेली होती. सोडायची हे मी सांगितलं नव्हतं.

"काय प्रतिनिधी," तुम्ही म्हणालात, "पाय उडाला की नाही? तुम्ही बघितलंत की."

मला 'प्रतिनिधी' म्हटल्यावर माझी छाती भरून आली. खोटं कशाला सांगू? एका डॉक्टरनं माझं मत विचारलं होतं.

"उडाला साहेब," मी म्हणालो. "मी पण बघितलं. त्या अर्थी प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित आहे."

"बघा! शिकलेला माणूस आहे. करा सही, साक्षीदार म्हणून."

मी दोन पेनांतलं चांगलं पेन काढलं. सहीच्या खाली रेघ मारायची आणि रेघेखाली दोन ठिपके द्यायचे, अशी माझी पद्धत होती. ठिपकेसुद्धा दिले.

बाहेर पडल्यावर शंभर पावलं आम्ही तसेच चाललो. त्याचा चवडा फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "मी लई जोरानं वढलं रं."

"माहीत आहे."

"तुला खरंच वाटतंय, मी मुद्दाम..."

"मला काय वाटतं त्याला काय किंमत आहे? डॉक्टरनं लिहिलंय."

हौसावहिनीचं फडकं आम्ही न सोडता परत आणलं.

आमच्या टोळीत एक रीत होती. मोठ्या आजारातून परत आलेल्या माणसानं पहिलं पोतं एकट्यानं वाहायचं. काट्यापासून थप्पीपर्यंत. दोन्ही बाजूंना टोळी उभी. पोतं नीट बसलं की मुकादम हळदीत हात बुडवून त्याच्या पाठीवर पंजा उठवायचा. तो पंजा उठला की माणूस परत टोळीतला. नाही उठला तर त्याच्या वाटणीचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर येतं, आणि ते कुणाला आवडतं? खोटा आजार आमच्यात चोरीपेक्षा वाईट धरायचे. चोरी सेठची होते, खोटा आजार जोडीदाराच्या पाठीवर पडतो.

कागद आल्यानंतर दोन दिवसांनी मायाप्पाचं पहिलं पोतं झालं. टाकायला एक टोक मी धरलं होतं.

तो आठ पावलं गेला. ताठ पायानं, चवडा ओढत. नवव्या पावलाला त्याचा उजवा चवडा जमिनीवर टेकला आणि टाच थरथरायला लागली. टक टक टक टक. थांबेना. पाठीवर पोतं, माणूस जागच्या जागी उभा, आणि टाच आपली वेगळीच कामाला लागलेली. वर, खाली, वर, खाली.

"आरं चल की!" तातोबा ओरडला.

"चालतोय मुकादम! थांबंना झालाय पाय!"

तेव्हा एक माणूस बोलला. साहेब, तो माणूस गप्प बसला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. तो म्हणाला, "शिलाई मशीन चालू झालंय. कुणाचा सदरा उसवला असंल तर द्या."

वीस माणसं हसली. कुणी पाय हलवून मशीन करून दाखवलं. मायाप्पाही हसला, अर्धवट, आणि पोतं त्याच्या पाठीवरून घसरून पडलं आणि फुटलं. पिवळी हळकुंडं फरशीभर झाली. त्यात तो गुडघ्यावर बसला. टाच अजून हलत होती.

तातोबानं हळदीत हात घातला नाही.

मायाप्पानं संध्याकाळपर्यंत हळकुंडं गोळा केली, बिल्ला काढून तातोबाच्या हातात दिला आणि माझ्याकडे आला.

"मास्तर, तू तर शिकलेला हायस. तुझ्या त्या पुस्तकात काय बी न्हाई व्हय ह्येचं?"

"नाही," मी म्हणालो. हे तेवढं खरं होतं.

'मशीन' हे नाव पेठेत पुढे बरीच वर्षं टिकलं. कुणी अंगचोरी केली की म्हणायचे, "मशीन लावू नको." नव्या पोरांना मूळ माणूस माहीतही नव्हता. माझ्या नावावर जगात दुसरं काही टिकलेलं नाही.

एकोणीस वर्षं गेली. मला साखर झाली, पायांच्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण बाई होत्या. माझ्या खिशाला अजून दोन पेनं होती, आणि मधल्या काळात मी बरंच वाचलेलं होतं, त्यामुळं त्यांना मी माझा आजार सांगितला नाही, समजावला.

"बसा काका. पाय सोडा खाली." त्यांनी हातोडी मारली. माझा पाय हललाच नाही. दुसऱ्यांदा मारली. लोंबत राहिला नुसता.

"बघा, एकदम शांत आहे," मी खुशीत म्हणालो.

"शांत आहे हेच वाईट आहे काका. साखरेनं नस मंदावली की असं होतं. थांबा, जरा युक्ती करू. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. दात चावा. आता ओढा जोरात."

मी तसाच बसून राहिलो.

"ओढा की काका."

"हे कशाला?"

"असं केलं की पाय जास्त उडतो. ज्यांचा उडत नाही त्यांच्यासाठी ही युक्ती. मंदावलेला असला तरी जरासा हलतो."

"जास्त उडतो?"

"हो. का?"

मी विचारलं, "बाई, आणि एखाद्याचा आधीच लई उडत असला, तर? मारल्यावर चार-चार झोके घेत असला तर?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कुणाचा?"

"असाच. ओळखीचा. मानेवर पोतं पडलं होतं. चालताना चवडा घासायचा. टाच आपोआप हलायला लागायची, मशीनसारखी."

"चपलेचं टोक झिजायचं?"

माझी मान हलली असावी.

"काका, पाय उडवायचं काम पाठीच्या कण्यातच होतं, पण वरून मेंदू सारखा आवरत असतो. हळू, हळू, म्हणत असतो. मानेजवळ दोरीला मार बसला की तो आवर खाली पोचत नाही. मग पाय वाटेल तसा उडतो. टाच थरथरते. पाय ताठ होतात. लोकांना वाटतं, केवढी ताकद. ती ताकद नाही. लगाम तुटलाय."

म्हणजे सेठ. जो कधी पोतं उचलत नाही, नुसता गादीवरून 'हळू रे, फुटेल' म्हणत बसतो, त्याचा आवाज बंद झाला की मुकादम बेफाम होतो. मी आख्खी पेठ पायाच्या जागी ठेवली होती, आणि सेठलाच विसरलो होतो.

"हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं?" मी विचारलं.

"दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात. आणि खात्रीच करायची असेल तर हे बघतात." त्यांनी हातोडीचा टोकदार दांडा माझ्या तळव्याच्या बाहेरच्या कडेनं टाचेपासून वर ओढला आणि चवड्यापाशी आत वळवला. "नीट माणसाचा अंगठा खाली वळतो. मार बसलेला असला तर वर उभा राहतो. हे ठरवून कुणाला करता येत नाही. नाटक करणाऱ्याला तर नाहीच."

"किल्लीनं करतात का हे?"

"हातोडीला असा टोकदार दांडा नसला की किल्लीनंच करतात. का काका? तुम्हाला घाम का आला? साखर उतरली का?"

साखर उतरली नव्हती.

चौथ्या दिवशी मी मायाप्पाच्या गावी गेलो. घर विचारायला लागलं नाही. अंगणात दोन काठ्या शेजारी ठेवून एक म्हातारा लोकर कातत बसला होता. पाय पुढं पसरलेले, ताठ, फळीसारखे. आमचं वय एकच आहे.

हौसावहिनीनं मला आधी ओळखलं. "आलं व्हय मशीनवालं?" ती म्हणाली आणि पाणी न देता आत गेली.

मी त्याच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. सेठ, मुकादम, लगाम, बोटं अडकवून ओढायची युक्ती. तो ऐकत होता. बोटांतली लोकर फिरायची थांबली होती.

"म्हंजी," तो म्हणाला, "मी वढत हुतो म्हनून ज्यास्त उडत हुता?"

"हो."

"आन तू सांगितलंस वढ म्हनून."

"हो."

त्यानं मला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही. बरी होती, लागणारी. मग हसायला लागला. एवढा हसला की त्याचे पाय उडायला लागले, आणि ते बघून हौसावहिनी धावत बाहेर आली.

हसणं संपल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, एक सांगू? मलाच वाटाय लागलं हुतं, मी नाटक करतोय का काय. सगळी म्हंत्यात, डॉक्टरनं लिवलंय, तू सही केलीस. पायाला शिव्या घालायचो. म्हनायचो, भाड्या, कशाला उडलास त्या दिशी?"

मी खिशातून किल्ली काढली. माझ्या घराच्या कुलपाची. "पाय दे."

त्याच्या तळव्याच्या कडेनं मी रेघ ओढली, बाईंनी ओढली होती तशी. अंगठा सावकाश, कुणाला न विचारता, वर उभा राहिला. बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली.

मायाप्पानं बघितलं, आणि म्हणाला, "त्यानं बी असंच केलं हुतं की."

"तुला आठवतंय?"

"आठवंल न्हाई तर. तू चहा पुसत हुतास. मी त्येच्या तोंडाकडं बघत हुतो. किल्ली वढली, अंगठा वर. त्यो थांबला. परत वढली, परत वर. दुसऱ्या पायाला गेला न्हाई. त्याच पायाला तिसऱ्यांदा वढली. सावकाश. मग माझ्याकडं बघितलं त्येनं. असं, सरळ डोळ्यांत. मला वाटलं, आता लिवतोय बग. आन मग उठून गेला."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगू दिलंस व्हय कवा काय?"

निघताना त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, माफ करतोय. तसं काही नव्हतं.

"तू मूर्ख हुतास त्ये मला तवाच ठावं हुतं," तो म्हणाला. "त्येचं मला काय वाटत न्हाई. पर त्येला इचार. लिवता येतंय न्हवं तुला? मग लिव. त्येला इचार, तीनदा का?"

तर साहेब, मी लिहितोय. माझं उत्तर वर दिलेलं आहे: मला माहीत नव्हतं, माहीत असल्यासारखा वागलो, आणि सहीखाली दोन ठिपके दिले. तुम्ही निवृत्त झाला असाल. मुलं परदेशी असतील. स्कूटर विकली असेल. किल्ली कुठे असेल ती असो. मला जेवणाची सुट्टी, बाहेरची चाळीस माणसं, वरून आलेला फोन, यातलं कुठलंही कारण नको आहे. मला माफीही नको, ती पाठवायचीच असेल तर जतला पाठवा.

एकदा ओढली असती तर म्हणालो असतो, सवयीनं ओढली. दोनदा ओढली असती तर म्हणालो असतो, नीट दिसलं नसेल. अंगठा तीनदा वर आला. तिसऱ्यांदा तुम्ही सावकाश ओढलीत, आणि मग माणसाच्या डोळ्यांत बघितलंत.

काय दिसलं होतं तुम्हाला, साहेब? आणि दिसलेलं कागदावर का नाही आलं?

मायाप्पा अंगणात बसलेला आहे. उत्तर त्याच्या नावानं पाठवा.